फ्लेचरांचं देवक

साडूची पोरगी इंग्रज नवरा करतेय ही बातमी आली तेव्हा मी दुकानात एका गिऱ्हाइकाला ट्रॅक्टरचा फॅनबेल्ट दाखवत होतो. फोन बायकोचा होता. "ऐकलं का," ती म्हणाली, "आपल्या भाचीने लंडनकडचा मुलगा पसंत केलाय. इंग्रज. खरा गोरा." मी बरं म्हणालो, फोन ठेवला आणि गिऱ्हाइकाला दुसऱ्याच ट्रॅक्टरचा बेल्ट बांधून दिला. ते बिचारं संध्याकाळी परत आलं.

माझा स्वतःचा जावई दोंडाईच्याचा आहे. मुलगा गुणी आहे, नोकरीला आहे, माझ्या पोरीला सुखात ठेवतो, सणाला येतो तेव्हा माझ्यासाठी आठवणीने पेढे आणतो. त्याच्यात खोट काढायची म्हटली तर एवढीच, की तो दोंडाईच्याचा आहे. आणि ही खोट मला त्या फोनपर्यंत कधी दिसली नव्हती.

साडू हे नातं मोठं अवघड. भाऊ आईबाप देतात, मित्र आपण करतो, साडू मात्र सासऱ्याने आणलेला असतो, आणि मग जन्मभर दोघांना एकाच तराजूत बसवून बघतात. थोरला जावई मी. सुरुवातीची काही वर्षं सासरी पहिलं ताट माझं असायचं, पहिली टॉवेल-टोपी माझी असायची. साडू तेव्हा शहाद्याकडच्या त्याच्या गावात कापूस लावायचा आणि मी नंदुरबारला शहादा रोडवर स्पेअर पार्टचं दुकान टाकलेलं होतं, वर शटर, आत पंखा. मग त्याने पपई लावली. त्यानंतर मी सासरी पोचलो की दारातच, साडू आला नाही का, अशी विचारणा व्हायची, "पपईवाले पाव्हने नही उनात का?" ताट अजून माझंच पहिलं असायचं, पण वाढणाऱ्याचं लक्ष रस्त्याकडे.

तरी एक गोष्ट माझ्याकडे होती जी त्याच्याकडे नव्हती, आणि तिच्या जोरावर मी मान वर ठेवून होतो. मला गोष्ट सांगता येते.

आमच्याकडे लग्नात मांडवाच्या दिवशी देवक बांधतात. देवक म्हणजे कुळाची खूण. कोणाचं झाड असतं, कोणाची वेल, कोणाचं पाखराचं पीस. ज्या दोन घरांचं देवक एक, ती भावकी. त्यांच्यात सोयरीक होत नाही. हे सगळीकडेच असतं. आमच्या नात्यातल्या घरांमध्ये मात्र त्याच्या आधी आणखी एक रीत आहे, कूळ सांगायची. आपलं कूळ आपल्या तोंडाने सांगणं बरं दिसत नाही, म्हणून मुलीकडच्याने उठून मुलाकडचं कूळ सांगायचं आणि मुलाकडच्याने मुलीकडचं. कोण कुठून आले, कोणी विहीर खोदली, आडनाव कसं पडलं, देवक काय. आणि हे सांगायला जवळच्या चार घरांत, तिकडच्या किंवा इकडच्या बाजूने, गेली कित्येक वर्षं मलाच बोलावतात. मी आधी समोरच्यांच्या गावी जाऊन येतो. ओट्यावर चहा पितो, म्हाताऱ्यांना बोलतं करतो आणि मांडवात असं सांगतो की ज्यांचं कूळ ते स्वतःच तोंड उघडं ठेवून ऐकतात. थोडा मीठमसाला असतो. कधी भाजी कमी नि मीठमसाला जास्त, असंही झालंय.

माझं एकच दुखणं होतं. माझं स्वतःचं कूळ कोणी कधी नीट सांगितलंच नाही. माझ्या लग्नात सांगणाऱ्याचा घसा बसला होता, पोरीच्या लग्नात दोंडाईच्याच्या व्याह्यांनी जो माणूस उभा केला तो मोबाइलवरून वाचत होता. आम्ही पाटील. पणजोबा घोड्यावर बसून तापी उतरायचे, गावाचा सारा गोळा करायचे, दुष्काळात सारा न मागता परत फिरले आणि त्यावरून वरच्या साहेबाशी भांडले. ही गोष्ट मी इतकी वर्षं दुसऱ्यांची कुळं सांगता सांगता मध्येच सरकवत आलोय. घोडा खरा होता की नाही याबद्दल माझ्या चुलत्याचं मत वेगळं आहे, पण चुलता आता कुठे येत-जात नाही.

तर असा मी, आणि समोर आला इंग्रज.

थंडी सरता सरता भाची आणि तो, दोघं तिकडून आले. नंदुरबारबाहेर मिरचीच्या पथाऱ्या लाल पसरलेल्या होत्या, त्यामुळे पाहुण्याने आमच्या जिल्ह्यात पहिलं काम शिंकायचं केलं. साडूने मला मुद्दाम बोलावलं होतं. "साडूभाऊ, तुम्ही पाह्यजे. आमच्यात बोलणारं कोण आहे?" हे वाक्य ऐकून मी इस्त्रीचा शर्ट घातला.

साडूच्या बंगल्यासमोर खुर्च्यांची रांग होती, मध्ये तो उंच, लाल कानाचा, वांग्याचं भरीत खात बसलेला मुलगा, आणि अर्धं गाव त्याच्या घासाकडे बघत होतं. घास तोंडात गेला की मागून कोणीतरी म्हणायचं, "खास, खास, बराबर खास." म्हणजे खातो, बरोबर खातो. त्याचं आडनाव फ्लेचर. कोणीतरी विचारलं, म्हणजे काय? भाचीने त्याला विचारलं, त्याने घास गिळला आणि सांगितलं, भाचीने आम्हाला मराठीत सांगितलं. फ्लेचर म्हणजे बाण करणारा. त्यातही बाणाच्या मागच्या टोकाला पीस लावणारा. जुन्या फ्रेंच शब्दावरून आलेलं आहे, बाणाला तिकडे तसलं काहीतरी म्हणत. झालं. दोन वाक्यं.

मी अशा वेळी किती वेळ घेतला असता याचा अंदाज घरच्यांना असेल. त्याने घोडा आणला नाही, दुष्काळ आणला नाही, साहेबाशी भांडणही लावलं नाही. आणि तरी सगळे चाट पडले. साडू तर असा बघत होता की जणू बाणाला पीस त्यानेच चिकटवलं.

मग त्या पोराने शहाणपणा केला. माझ्याकडे वळून विचारलं, मावसा (हा शब्द त्याला भाचीने शिकवला होता), तुमच्या आडनावाचा अर्थ काय? मी खुर्ची पुढे ओढली. पाटील, मी म्हणालो, ही फार जुनी गोष्ट आहे. पणजोबा होते. त्यांच्याकडे एक घोडा... एवढ्यात आतून जिलेबी आली आणि इंग्रज जिलेबी कशी खातो हे बघायला सगळी खुर्च्यांची रांग तिकडे वळली. घोडा तापीच्या अलीकडेच उभा राहिला.

घरी येताना गाडीत मी गप्प होतो. बायको म्हणाली, "पोटात दुखतंय का?"

"नाही."

"मग वर दुखत असेल."

तीस वर्षांच्या संसारात माणसाचं काय आणि कुठे दुखतं हे बायकोला कळतं, त्यावर औषध नसतं.

दुसऱ्या दिवसापासून दुकानात मी ते आडनाव मोबाइलवर शोधत बसलो. लग्नात फ्लेचरांचं कूळ मीच सांगणार होतो, मुलीकडून, रीतीप्रमाणे. तेव्हा वाटलं की या पोराच्या दोन वाक्यांवर मी माझी दोनशे रचीन. पण वाचत गेलो तसा जळतच गेलो. तिकडे सहा-सातशे वर्षांपूर्वी एका नावाची इतकी माणसं झाली की सरकारी कारकुनांना ओळखता येईनात, मग जो जे करतो ते नावाला लागलं. लोहार तो स्मिथ, शिवणारा टेलर, भाकरी भाजणारा बेकर, आणि लढाईला जाणाऱ्या धनुर्धाऱ्यांचे बाण तयार करणारा तो फ्लेचर. बाणाला पीस लागतं ते तो सरळ जावा म्हणून. पीस नसेल तर बाण हवेत डुलतो. तिकडे त्यासाठी मोठ्या पांढऱ्या बदकाच्या जातीच्या पाखराचं पीस वापरायचे. आजही ते आडनाव इंग्लंडात बऱ्यापैकी आहे, उत्तरेकडे जास्त, स्कॉटलंडच्या डोंगरात त्यांची एक वेगळी शाखा, आणि जहाजात बसून गेलेले अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात. ते दोघं तिकडे परतल्यावर मी व्हिडिओ कॉलवर, भाचीला मध्ये घालून, त्याला विचारलं, तुमच्याकडे पाटलांएवढे आहेत का फ्लेचर? तो म्हणाला, नाही, पाटलांएवढे स्मिथ आहेत. माझ्या शाळेत मी धरून दोन फ्लेचर होते, आणि दुसऱ्याशी माझं काही नातं नव्हतं. आणि बाण, मी विचारलं, आता कोणी करतं का? तो हसला. त्याचा बाप बसगाड्यांच्या वेळापत्रकाचं काम करायचा, आजोबांचं भाज्यांचं दुकान होतं. त्याच्या घराण्यात कोणी बाण हातात धरलेला कोणाला आठवत नाही.

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं, कारण आमच्याकडेही पाटीलकी कधीच गेली आणि मी फॅनबेल्ट विकतो. पण वाटलं नाही. माझ्या आडनावात हुद्दा आहे, त्याच्या आडनावात हात आहेत. हुद्दा कोणी देतं आणि काढून घेतं. त्याच्या कुठल्यातरी पूर्वजाने खरोखर बसून, डोळे बारीक करून, दोरा गुंडाळून पीस लावलं होतं. आणि या पोराला त्याचं काही विशेष वाटतही नव्हतं. एवढी चांगली गोष्ट आणि ती अशी बेफिकीर बाळगणाऱ्याच्या घरी.

लग्न साडूच्या गावीच ठरलं. तिकडे नोंदणी होऊन गेली होती, तिथे मुलाचे आईवडील हजर होते, पण आईचं गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचं असल्याने इकडे दोघेही येणार नव्हते. मुलाकडून मुलगा एकटा. मांडवाच्या आदल्या दिवशी आम्ही साडूच्या ओसरीत तयारीला बसलो. साडू, माझी बायको आणि तिची बहीण, भाची, तिचा इंग्रज, मी, आणि बाजेवर साडूची आई.

साडूच्या आईबद्दल सांगायला हवं, नाहीतर तिच्यावर अन्याय होईल. या लग्नाला घरात सगळ्यात आधी हो म्हणाली ती. साडू तोंड पाडून बसला होता तेव्हा तिने विचारलं होतं, "पोऱ्या दारू पेस का? नही ना? मंग गोरा शे त्याले आपन काय करानं?" पण ती रीतीची पक्की. त्या दिवशी तिने मांडवाच्या खांबाचा हिशोब करता करता विचारलं, "आन त्यानं देवक कोनतं शे?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. असा क्षण मला फार आवडतो. मी चहाचा कप खाली ठेवला, घसा साफ केला आणि म्हणालो, "आई, त्यांच्यात देवक म्हणत नाहीत. पण कुळाची खूण आडनावातच आहे. हे बाणाला पीस लावणारे. सातशे वर्षांपासून. म्हणजे यांचं देवक पीस."

साडू बघतच राहिला. भाचीने इंग्रजाला इंग्रजीत सांगितलं, तो खूष होऊन मान हलवायला लागला. मी मनात मांडवातल्या भाषणाला सुरुवातही केली होती.

साडूच्या आईने हातातली सुपारी खाली ठेवली. "पीस?"

"हो. पीस."

"आम्हनं देवक मोरनं पीस शे."

मला ते माहीत होतं. साडूच्या लग्नात मांडवाच्या खांबाला मोराचं पीस बांधलेलं मी स्वतः बघितलं होतं. पण गोष्ट रंगवण्याच्या नादात ते आणि हे एका जागी आलंच नाही.

"मंग तर त्या भाऊबहीन व्हयनात," ती म्हणाली.

मी सावरायला गेलो. "आई, तुमचं मोराचं. यांचं ते बदकाच्या जातीचं एक पाखरू असतं, पांढरं, मोठं. पार वेगळं."

"मोरनं काय नि बदकनं काय. पीस ते पीसच शे."

"अहो पण हा इंग्रज आहे," साडू म्हणाला. "आई, हा आपली भावकी कसा होईल? हा सातासमुद्रापलीकडचा."

"मी कोठे म्हनस का तो आठला शे? पन तुन्हा साडूनीच सांगं ना, कुळनी खूण पीस शे म्हनीसन. बठ्ठासमोर सांगं. आते ते पाछं कसं जाई?" खरंच, सगळ्यांसमोर बोललेलं मागे कसं घेणार? मग ती माझ्याकडे वळून, अगदी शांतपणे, "भाऊ, तुम्ही सांगतस तर खोटं तर नही सांगतस ना?"

काय सांगणार? खोटं म्हणावं तर मी खोटा, खरं म्हणावं तर इथलं लग्न मोडलं. ती म्हणाली, दोघांनी तिकडे सुखाने राहावं, तिचा आशीर्वाद आहे, पण एका देवकाच्या मांडवात ती बसणार नाही. भाची म्हणाली, आजी नसेल तर मीही मांडवात उभी राहणार नाही. आणि ती उठून आत गेली. तिचा इंग्रज, काय झालं ते अर्धवट कळून, तिच्या मागे गेला.

आता जे सांगतो ते सांगायला नको, पण माझ्या मनात एक गार झुळूक येऊन गेली. क्षणभरच. साडूच्या लंडनच्या जावयाचा मांडव गेला, असं. मग मी साडूकडे पाहिलं. तो कपाळाला हात लावून मांडवाच्या सामानाच्या यादीकडे बघत होता, आणि ती झुळूक जशी आली तशी गेली. मागे राहिलं ते इतकंच, की हे माझ्या तोंडाने झालं होतं.

भाची परत आली. डोळे लाल, आवाज कोरडा. "मावसा," ती म्हणाली, "तुम्ही सगळ्यांची कुळं जुळवता. माझंच बरं मोडलंत."

उपाय सुचला माझ्या बायकोला. ती लसूण सोलत होती, हात न थांबवता म्हणाली, "मोडलं कशाला? मुलाला आपण मांडीवर घेऊ."

आमच्याकडे हे होतं. मुलगा किंवा मुलगी परक्या जातीची, परक्या मुलखाची असली तर नात्यातलं कोणी तिला मांडीवर घेतं. कुंकू लावायचं, गुळाचा खडा तोंडात द्यायचा, आणि मग ते पोर त्या घरचं. कूळ त्या घरचं, देवकही त्या घरचं. आमचं देवक उंबर. मोराच्या पिसाशी उंबराचं काही वाकडं नाही. मांडीवर घेतलेला मुलगा भाचीचा मावसभाऊ लागेल हे माझ्या ध्यानात आलं, पण म्हातारी फक्त देवक मोजत होती आणि मला पुन्हा काही मोडायचं नव्हतं.

साडूच्या आईने सुपारी परत हातात घेतली. "हाई बराबर शे," ती म्हणाली. "मंग तो पाटील व्हयना."

"आम्हीही पाटीलच. पाटलाची पोर पाटलाच्या घरी," माझी मेव्हणी म्हणाली. "आडनाव बदलायचंही काम नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला मांडीवर घेतलं. उंची सहा फूट. त्याला वाटलं, नुसतं शेजारी टेकायचं आहे, पण साडूच्या आईने सांगितलं, पुरा बसला पाहिजे, वजन पडलं पाहिजे. वजन पडलं. ते पोर घाबरून पायांवर अर्धा भार ठेवायचा प्रयत्न करत होतं आणि म्हातारी त्याच्या गुडघ्यावर दाबून म्हणत होती, बठ, बठ. गुळाचा खडा देताना माझी मांडी पुरती बधिर झाली होती. उठताना त्याने वाकून माझ्या पायांना हात लावला आणि भाचीने शिकवलेलं एक वाक्य म्हटलं, "बाबा, आशीर्वाद द्या." मला काय झालं कोणास ठाऊक, मी त्याला इंग्रजीत उत्तर दिलं. काय दिलं ते आठवत नाही. बायको म्हणते ते इंग्रजी नव्हतं.

मग मला एकेक करून कळायला लागलं की मी आता वरबाप आहे. साडूचा व्याही. साडूने तांब्या घेऊन माझे पाय धुतले. मी त्याच्या टाळूकडे वरून बघत होतो, आणि खरं सांगायचं तर ती मी इतकी जवळून पहिल्यांदाच बघितली. विरळ झाली होती. त्याने मला फेटा बांधला, टॉवेल खांद्यावर टाकला. पहिली खुर्ची माझी, पहिला चहा माझा. वरण-बट्टीच्या पंगतीत तूप वाढणारा माझ्या पानावरून हलेना. वाटलं, असंच आयुष्य पाहिजे होतं.

संध्याकाळी उन्हं कलल्यावर मांडव भरला तेव्हा साडू माझ्याकडे आला आणि हळूच म्हणाला, "साडूभाऊ, मला काय सांगायचं ते सांगा ना. मला कुठे येतं?"

"काय सांगायचं?"

"कूळ. तुम्ही आता मुलाकडचे. मुलाकडचं कूळ मुलीकडच्यानेच सांगायचं ना. म्हणजे मीच."

दोन गोष्टी एकदमच डोक्यात आल्या. फ्लेचरांची गोष्ट, जी मी इतके दिवस गोळा केली होती, ती मला सांगता येणार नव्हती. आणि मी जन्मभर ज्याची वाट बघत होतो ते आज होणार होतं, भर मांडवात, रीतीप्रमाणे, कोणीतरी माझं कूळ सांगणार होतं. आणि तो माणूस हा होता. सगळ्या नात्यात ज्याला सरळ एक गोष्ट सांगता येत नाही तो.

मी त्याला मांडवामागे नेलं. सगळं समजावलं. आधी फ्लेचर, थोडक्यात, मग पाटील, सविस्तर. घोडा, तापी, दुष्काळ, साहेब. "घोड्याचा रंग सांगायचा का?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "अबलख सांग." त्याने मान हलवली.

तो उभा राहिला तेव्हा हातातला रुमाल पिळत होता. लोक कुजबुजायला लागले. मग आमच्या बोलीतच सुरू झाला.

"फ्लेचर लोके बाण बनाडेत. बाण कोनी मारा, कोनले लागना, हाई बठ्ठं इतिहासमा लिखेल शे. पन त्याले पीस कोनी लावं, हाई कोठेच लिखेल नही. म्हनीसन त्यासनी ते आपला आडनावमाच लिखी ठेवं."

एवढं बोलून तो थांबला. मागून कोणीतरी "वा" म्हणालं आणि टाळ्या सुरू झाल्या. इतके दिवस मी मोबाइलवर वाचलं, सगळं माझ्याकडे होतं, फ्रेंच शब्द होता, स्कॉटलंडची शाखा होती. हे वाक्य नव्हतं. ते पपईवाल्याने रुमाल पिळत काढलं. भाची ते इंग्रजाला सांगत होती, आणि ज्याला आपल्या आडनावाचं काही वाटत नव्हतं तो पोरगा ऐकून खाली बघायला लागला.

मी फेटा सारखा केला. आता पाटील. आता घोडा.

"आन मन्हा व्याही पाटील," साडू म्हणाला. मांडवावर नजर फिरवली. "आते पाटील म्हंजे काय, ते आठे कोनले सांगानं? आपन बठ्ठा तेच शेतस. देवक उंबर." आणि तो खाली बसला.

लोक हसले. खूप हसले. मीही हसलो, वरबापाला हसावंच लागतं. पणजोबा, घोडा, दुष्काळ आणि साहेब एका वाक्यात तापीत गेले.

आता माझी पाळी होती. मुलीकडचं कूळ मुलाकडच्याने सांगायचं. म्हणजे साडूचं कूळ, आणि ते चांगलंच सांगायला हवं, अशी रीत. मी उठलो तेव्हा माझ्या मनात एकच होतं, याच्यापेक्षा चांगलं सांगायचं. याच्या त्या एका वाक्याच्या वर जायचं, मग त्यासाठी यालाच आभाळाला टेकवावं लागलं तरी चालेल.

सुरुवात नेहमीसारखी केली. गाव कसं वसलं, विहिरीला पाणी कधी लागलं, मोराचं पीस. लोक ऐकत होते, पण तेवढंच. मग मला एक दिवस आठवला आणि विचार करायच्या आत मी तो सांगायला लागलो.

पपईचं तिसरं-चौथं वर्ष असेल. हा माझ्या दुकानात आला होता, पंपाचं वायसर घ्यायला. माझ्या स्टुलावर बसला, चहा प्याला, गावातल्या कोणाच्या तरी बैलाची गंमत सांगून स्वतःच हसला. तो गेला आणि मी दिवसभर चिडलेला होतो. एवढा सुखी माणूस, म्हटलं, एखाद्याने किती सुखी असावं. नंतर कितीतरी दिवसांनी मला बायकोकडून कळलं. त्या आठवड्यात त्याच्या सगळ्या बागेवर रोग पडला होता. पानं आक्रसून गेली होती, फळावर डाग. माझ्याकडे आला त्याच दिवशी सकाळी त्याने उभी बाग स्वतःच्या हाताने उपटली होती. वायसर त्याला नवी रोपं लावायला पाणी पाहिजे म्हणून हवं होतं. आणि मला त्याने बैलाची गंमत सांगितली.

"हे यांचं कूळ," मी मांडवाला म्हणालो. "मोराचं पीस बांधतात. पण बाग गेलेली असताना दुसऱ्याच्या दुकानात बसून चहा पिता येणं, समोरच्याला काही कळू न देणं, हे पिसाने येत नाही. हे यांच्याकडे असंच आहे. आमच्या पोराला अशा घरची मुलगी मिळते आहे."

हे मला आधी सुचलं नव्हतं. अगदी खरं होतं, मीठमसाला चिमूटभरही नव्हता, आणि इतक्या वर्षांत मी सांगितलेल्या सगळ्या कुळांत हे सगळ्यात चांगलं सांगितलं गेलं हे मला तिथे उभं असतानाच कळलं. मांडवात कोणी हललं नाही. मी त्या एका वाक्याच्या पुढे गेलो होतो. आता टाळ्या येणार, माझ्याकडे बघून, म्हणून मी थोडा थांबलो.

पण साडूने तोच पिळलेला रुमाल डोळ्यांना लावला. खांदे हलायला लागले. त्याची आई बाजूला सरकून त्याच्या पाठीवर हात फिरवायला लागली, भाची धावत त्याच्याजवळ गेली, इंग्रजही गेला, माझी बायकोसुद्धा उठून गेली. कोणीतरी पाणी आणलं. आणि सगळा मांडव, पुढच्या खुर्च्यांपासून मागच्या खांबापर्यंत, वळून त्याच्याकडे बघत होता.